अनोळखी नाट्यप्रेमींबरोबर छोट्या नाट्यगृहातल्या प्रयोगाला जावे का?

अवश्य जावे. तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: पुण्यातल्या एका प्रायोगिक नाट्यसंस्थेचे चाहते मिळून रात्रीच्या प्रयोगाला जाणार आहेत, त्यांच्यापैकी कुणाशीही तुमची प्रत्यक्ष ओळख नाही, आणि आजवर तुम्ही नाटके पाहिली ती बालगंधर्वमध्ये किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात. तेव्हा छोट्या जागेत वेगळे काय असते आणि सगळे जाणकार असताना आपण तेथे उपरे ठरू का, ही तुमची शंका आहे. मी अशाच एका गटाबरोबर शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर आणि शहरातल्या इतर लहान जागांत बरीच वर्षे प्रयोग पाहत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला फरक अंतराचा. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले ते सुमारे हजार प्रेक्षकांसाठी. तेथे नटाचा आवाज आपल्यापर्यंत ध्वनिक्षेपकातून येतो, आणि मागच्या रांगेत किंवा बाल्कनीत बसलेल्याला चेहऱ्यावरच्या बारीक हालचालींपेक्षा आवाजाच्या चढउतारांवर आणि हातवाऱ्यांवरच विसंबून राहावे लागते. छोट्या नाट्यगृहात बहुधा दर्शनी पडदा नसतो आणि माइकची गरज पडत नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर ते नेपथ्याला लागतील इतकी जवळीक असते. नट कुजबुजला तर ती कुजबुज म्हणूनच ऐकू येते, मोठ्याने म्हटलेली कुजबुज म्हणून नव्हे. जागा लहान म्हणून नाटक लहान, असे मात्र समजू नका. १९७४ साली ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि तेथून मराठी नाटकाची एक अख्खी चळवळ उभी राहिली. त्या नाटकांना प्रेक्षक तेवढ्याच अंतरावर हवा होता, आणि पुण्यातल्या लहान रंगमंचांवर आज जे होते त्यामागेही हीच समज आहे.

या जवळिकीची दुसरी बाजू नवा प्रेक्षक सहसा लक्षात घेत नाही. नट जसा आपल्याला ऐकू येतो तसे आपणही त्याला ऐकू जातो. खोकला, पिशवीची चेन, मनगटावरच्या घड्याळाचा टुणकन आवाज, शेजाऱ्याच्या कानात सांगितलेले कथानक, हे सगळे त्याच्यापर्यंत पोचते. अंधारात कुणी मोबाइल उघडला तर उजळलेला चेहरा रंगमंचावरून स्पष्ट दिसतो. मोठ्या नाट्यगृहात प्रेक्षक म्हणजे एक समूह असतो. येथे तुम्ही एक माणूस म्हणून मोजले जाता. म्हणूनच कुणाबरोबर नाटक पाहतो याला येथे इतके महत्त्व आहे.

चाहत्यांबरोबर गेल्याने काय मिळते, ते एका उदाहरणावरून सांगते. आमच्या गटाचे फार आवडते असलेले एक नाटक दोन बहिणींचे आहे. मध्यंतर नसलेला, दीड तासाच्या आतला दीर्घांक. त्यात थोरली बहीण पितळी तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतून धाकटीपुढे धरते आणि ओतता ओतता घर विकल्याची बातमी सांगते. गटातले एक काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि शुभारंभाच्या प्रयोगाला हजर होते. त्यांनी आम्हाला सांगितले की त्या पहिल्या रात्री पाणी खरोखरच सांडले होते. नटीने वाक्य अर्ध्यावर सोडले, पदराने जमीन पुसली आणि मगच ‘विकलं’ हा शब्द उच्चारला. पुढच्या प्रयोगांत पाणी सांडत नाही, पण नेमक्या त्याच जागी तिचा हात पदराकडे जातो, क्षणभर थांबतो आणि रिकामाच परत येतो. मी ते दृश्य आधी पाहिले होते आणि तो हात मला दिसलाच नव्हता. काकांनी सांगितल्यानंतरच्या प्रयोगात मी केवळ त्या हाताकडे पाहत होते, आणि त्या बाईला ती बातमी सांगण्याची किती धास्ती वाटत असेल, हे मला तेव्हा कळले. एका अपघातातून तालमीत न सुचलेली हालचाल कशी जन्माला येते आणि जाणती नटी ती कशी जपते, हे पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसालाच दिसते. असे प्रेक्षक शेजारी असणे हे मी मोठे भाग्य समजते.

पण याच प्रेमाने प्रयोगाचे नुकसानही होऊ शकते, आणि ते मी पाहिले आहे. त्याच नाटकात धाकटी बहीण बराच वेळ गप्प राहते आणि मग एकच तिखट वाक्य बोलते, ज्यावर हमखास हशा येतो. एका रात्री आमच्यापैकी बहुतेक जण एकाच रांगेत ओळीने बसले होते. वाक्य ठाऊक असल्यामुळे दोघे-तिघे ते यायच्या आधीच हसले. नटीने तोल ढळू दिला नाही, परंतु त्या शांततेत जे साचत आले होते ते विरून गेले, आणि पहिल्यांदाच आलेल्या प्रेक्षकांनी मागे वळून आमच्याकडे पाहिले. हजार लोकांच्या सभागृहात दोन माणसांचे हसू विरघळून जाते. येथे ते प्रयोगाचा भाग बनते. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम असा आहे की तिकिटे एकत्र काढायची, पण बसायचे विखरून. तुमच्या गटात असा नियम नसेल तर तुम्ही आपणहून बाजूची जागा घ्या. कुणी वाईट वाटून घेणार नाही.

पुण्याच्या नाट्यप्रेमींना ही शांतता मुद्दाम अंगी बाणवावी लागते, याला एक गोड कारण आहे. आमच्यातल्या अनेकांना नाटकाचे वेड लागले ते पुरुषोत्तम करंडकामुळे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे, आणि स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आव्वाज कुणाचा!’ अशा आरोळ्या घुमतात. ती परंपरा मला मनापासून प्रिय आहे. आपल्या माणसांसाठी घसा बसेपर्यंत ओरडण्याचे एक वय असते आणि त्या वयात ते केलेच पाहिजे. मात्र तेथेही एकांकिका सुरू झाली की प्रेक्षागृहाने कान टवकारायचे असतात. छोट्या नाट्यगृहातल्या चाहत्याने आपला उत्साह प्रयोग संपेपर्यंत राखून ठेवावा आणि शेवटी टाळ्यांमध्ये त्याची कसर भरून काढावी.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. तिसऱ्या घंटेच्या बऱ्याच आधी पोचा. लहान जागेत उशिरा येणारा अनेकदा नटांच्या समोरूनच आत येतो, आणि काही ठिकाणी प्रयोग सुरू झाल्यावर प्रवेश मिळतही नाही. शनिवार पेठेत चारचाकी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जाऊ शकतो, रिक्षा बरी. आणि तिकीट काढूनच जा. ओळखीने पास मिळत असला तरी तो घेऊ नका, कारण मोजक्याच खुर्च्या असलेल्या सभागृहात भाडे, दिवे आणि टेम्पो यांचा खर्च निघायचा तर प्रत्येक खुर्चीचे मोल असते.

प्रयोग संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. मोठ्या व्यावसायिक नाटकात नट मेकअप रूममध्ये जातात आणि चाहते दाराशी उभे राहतात. येथे जरा वेळाने तीच थोरली बहीण साध्या कुर्त्यात बाहेर येते आणि कोपरापासून पंजापर्यंत वेढे देत वायर गुंडाळू लागते. तिच्या मागे कुणी लेव्हल्स, म्हणजे नेपथ्यातले लाकडी चौथरे, उचलत असते, कुणी प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या, पेटीत तो तांब्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत असते. सभागृह वेळेत रिकामे करायचे असल्यामुळे सेल्फीसाठी त्यांना अडवू नये. आम्ही आधी ‘हात लावू का?’ असे विचारतो, आणि होकार मिळाला तर चार लेव्हल्स टेम्पोपर्यंत पोचवतो. नटांशी सर्वांत चांगले बोलणे याच वेळात होते, कारण तेव्हा दोन्ही बाजू कामात असतात.

त्यानंतर आम्ही बहुधा झेड पुलावरून चालत डेक्कनला येतो आणि गुडलक कॅफेत जागा मिळाली तर बनमस्का आणि चहा घेतो. तुमच्या खऱ्या शंकेचे उत्तर मला तेथेच मिळाले होते. एकदा काका आणि महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी थोरल्या बहिणीच्या शेवटच्या मौनावरून हमरीतुमरीवर आले होते. काकांच्या मते ती धाकटीला क्षमा करते. मुलगी म्हणाली, “काका, ती क्षमाबिमा काही करत नाही हो, ती दमलीये.” काका म्हणाले, “अगं, दमलेला माणूस दिवा मालवायला उठतो का?” दोघांनीही ते नाटक अनेकदा पाहिलेले होते. हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण त्या रात्री प्रथमच आला होता आणि तोवर गप्प बसला होता. तो म्हणाला, “पण ती पूर्ण नाटकात एकदाही खुर्चीवर बसलीच नाही ना?” आम्ही सगळे आठवू लागलो. खरोखरच ती बसत नाही. जमिनीवर, उंबऱ्यावर, खाटेच्या कडेवर बसते. वडिलांच्या खुर्चीवर कधीच नाही. इतक्या प्रयोगांत आमच्यापैकी कुणाच्याही ते ध्यानात आले नव्हते, कारण आम्ही आमच्या आवडत्या जागांची वाट पाहत बसायचो.

तेव्हा उपरे ठरण्याची भीती बाळगू नका. त्या गटाला तुमच्या नव्या नजरेची गरज आहे. एक काळजी मात्र घ्या. जाण्यापूर्वी गटातल्या कुणाकडूनही कथानक ऐकू नका, आणि नंतर चहाला बसाल तेव्हा जुन्या जाणत्यांचे मत ऐकण्याआधी तुम्हाला काय दिसले ते सांगून टाका.