खुर्चीत बसल्यावर आपण बिघडू, ही भीती

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला राज्यसेवेची तयारी करायची आहे. बाबा म्हणतात, "त्या खुर्चीत चांगला माणूस बिघडतो, नाही बिघडला तर बदल्यांनी मरतो." आजोबा गेल्यावर वारस नोंदीसाठी त्यांना स्वतःला पैसे मोजावे लागले होते. तरी माझ्या क्लाससाठी ते अर्धा एकर विकायला निघालेत. मी काय करू?

उत्तर : तुझ्या बाबांनी टेबलाच्या अलीकडे उभं राहून जे पाहिलं, ते खोटं कसं म्हणू? बदल्यांचं म्हणशील, तर राज्यात २००५ चा कायदा आहे. साधारण तीन वर्षं एका जागी, त्याआधी हलवायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं. अन्याय वाटला तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते. तरीही बदल्या होतात. पगार तोच राहतो, घरच्यांची ओढाताण मात्र होते. एवढी तयारी मनाशी ठेवूनच ये.

बिघडण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते. सुरुवात पाकिटाने क्वचितच होते. ती होते फोनने : "तेवढं करून टाका, कागदाचं नंतर बघू." एका निवृत्त नायब तहसीलदारांनी मला त्यांची सवय सांगितली होती. असा फोन आला की रिसीव्हर ठेवता ठेवता ते टिपणीवर लिहायचे, "आज दूरध्वनीवरून मिळालेल्या सूचनेनुसार सादर. लेखी आदेश व्हावेत." निम्म्या प्रकरणांत पुन्हा फोन आलाच नाही, म्हणाले. ही काही त्यांची शक्कल नव्हे. तोंडी आदेश लेखी करून घ्यावा, हे १९७९ च्या वर्तणूक नियमांतच आहे. प्रामाणिकपणा हा स्वभाव असेलही, पण कचेरीत तो टिकतो लिहिण्याच्या सवयीवर आणि नियम तोंडपाठ असण्यावर. वारस नोंदीचंच बघ. तलाठी फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) धरतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. यात चहापाण्याची पायरी कुठेच नाही. हे ज्याला माहीत असतं त्याला हेलपाटे घालायला लावणं अवघड जातं, आणि अधिकाऱ्याला माहीत असेल तर हाताखालच्यांनाही लोकांना अडवून धरता येत नाही.

बाबांनाही एक सांग. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवल्यास त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. पुढच्या वेळी कुणी अडवलं तर पैसे देण्याआधी तिथे फोन करायचा.

आता जमीन. ती विकू देऊ नकोस, हे मी अगदी कळकळीने लिहितेय. शेत विकून आलेलं पोर पहिल्या पोस्टिंगलाच हिशेब मांडायला बसतं : किती गेले, कधी वसूल होणार. 'मलईदार' तालुका मागायची वेळ तिथूनच येते. जिल्ह्याच्या ठिकाणची अभ्यासिका बघ, पदवी पूर्ण कर, ती झाली की तलाठी भरतीचा फॉर्मही भर. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, त्यात नीतिशास्त्राचा २५० गुणांचा वेगळा पेपर आहे. त्याची उत्तरं गाईडमधून पाठ करू नकोस. बाबांना शेजारी बसव, त्या वारस नोंदीची हकीकत पहिल्यापासून विचारून घे, आणि त्या टेबलापलीकडे तू असतीस तर कोणत्या दिवशी काय लिहिलं असतंस, ते दोन पानांत उतरव. ती पानं मला पाठव, मी तपासून देईन.