‘माझं आटलं का हो?’

“सर, माझं आटलं का हो?” खुर्चीत टेकता टेकताच ताईंनी विचारलं. लेखन अडलं की कथाकार माझ्याकडे येतात, ताई त्यांतल्याच एक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 46, तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी, दोन कथासंग्रह प्रकाशित. जूनचा दुसरा आठवडा होता. तीन दिवाळी अंकांना होकार कळवलेला, मुदत 31 जुलैची, आणि चार महिन्यांत एकही कथा पुरी झाली नव्हती. सुचेल तेव्हा लिहू, म्हणून त्या थांबल्या होत्या.

अशा वेळी आधी झोप, भूक आणि इतर गोष्टींतला रस विचारावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ सगळ्यातूनच मन उडालं असेल, तर प्रश्न लेखनाचा राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं. ताई पोटभर जेवत होत्या, भाचीच्या लग्नात मनापासून रमल्या होत्या. अडलं होतं ते फक्त टेबलापाशी.

मग सात दिवसांची नोंद ठेवायला सांगितलं: किती वाजता बसलात, किती वेळ, काय केलंत. त्या नोंदीत सगळं उघड झालं. रात्री साडेदहाला, ओटा आवरून झाल्यावर लॅपटॉप उघडायचा, कालचा पहिला परिच्छेद वाचायचा, त्यातले चार शब्द बदलायचे, साडेअकराला बंद. फोल्डरमध्ये अकरा कथांच्या सुरुवाती होत्या, सगळ्या घोटीव, आणि एकही दुसऱ्या पानापलीकडे गेलेली नाही. सुरुवात करता येणारी बाई आटलेली कशी असेल? त्या लिहिण्याच्या वेळेत संपादन करत होत्या. संपादन करणारं मन चुका शोधतं, आणि अर्ध्या पानाच्या मजकुरात त्याला चुकाच सापडतात.

आम्ही ठरवलं ते असं. पहाटे पावणेसहाला 25 मिनिटं, दोनशेपानी वहीत, पेनानं. खाडाखोड नाही, मागचं पान उलटायचं नाही. लक्ष्य 250 शब्द. साधारण 3,500 शब्दांची कथा या हिशेबानं 14 दिवसांत होते. आम्ही 22 धरले, कारण घर, पाहुणे आणि महिनाअखेर मध्ये येतातच. घड्याळ वाजलं की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. दुसऱ्या दिवशी ते पुरं करण्यापासून सुरुवात होते, कोऱ्या पानाची भीती राहत नाही.

सुचण्यासाठी वेगळी छोटी वही. रोज तीनच ओळी: कानावर पडलेलं एक वाक्य, नजरेत राहिलेली एक वस्तू, कुणाच्या तरी हातांची एक हालचाल. पहिल्या आठवड्यात इथेच चुकलं. ताईंनी ‘आज काउंटरवर उदास वाटलं’ अशा ओळी लिहून आणल्या. ते स्वतःचं मत झालं. त्यातून पात्र उभं राहत नाही. दुसऱ्या आठवड्यात हे आलं: पेन्शन काढायला आलेले आजोबा म्हणाले, “सही जुळत नाही म्हणता, बाई, आता हातच जुळत नाही.” वस्तू: रबरानं बांधलेलं पासबुक. हालचाल: अंगठ्याची शाई धोतराच्या सोग्याला पुसणं. मी तीन प्रश्न विचारले. या माणसाला आज काय हवंय? कोण आडवं येतंय? संध्याकाळी घरी परतताना काय बदललेलं असेल? तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही, सरळ वही उघडली.

ठरलेल्या वेळी लिहिण्याला थोडा आधारही आहे. 1980च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी लेखन अडलेल्या 27 प्राध्यापकांचे तीन गट केले. एका गटानं लेखन शक्य तितकं टाळायचं, दुसऱ्यानं मन होईल तेव्हा लिहायचं, तिसऱ्यानं ठरलेल्या वेळी लिहायचंच. तिसऱ्या गटानं सर्वाधिक पानं तर लिहिलीच, नव्या कल्पनाही त्यालाच सर्वाधिक सुचल्या. ही मंडळी विद्यापीठीय लेखन करणारी होती, कथाकार नव्हती, आणि गटही लहान होते. तरी माझ्याकडे येणाऱ्या कथाकारांतही मी हेच पाहतो.

आणखी दोन ठिकाणी गाडी अडली. सकाळचं पान संध्याकाळी टाइप करायचा मोह झाला आणि टाइप करताना दुरुस्ती सुरू झाली; तीन दिवस गेले. खर्डा पुरा होईपर्यंत टायपिंग बंद केलं. मग दोन दिवस चुकले, ते भरून काढायला रविवारी त्या सलग सव्वा तास बसल्या, आणि सोमवारी वहीकडे बघवेना. चुकलेला दिवस सोडून द्यायचा. सोमवारी 25 मिनिटंच.

सगळ्यात अवघड गेलं ते संपादकांना फोन करणं. पहाटेचा एवढा वेळ जुलैअखेर एकाच कथेला पुरणार होता, म्हणून उरलेल्या दोन अंकांना नाही कळवायचं होतं. “नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत,” ही त्यांची धास्ती खरी होती, मी ती खोडून काढली नाही. पण जूनमध्ये कळवलं तर संपादकाला दुसरा लेखक शोधता येतो. ऑगस्टमध्ये पानं लागत असताना कळवलं तर अंकात भोक पडतं, आणि ते लक्षात राहतं. एका संपादकांनी समजून घेतलं, दुसऱ्यांनी 12 ऑगस्टपर्यंत मुदत दिली.

पहिला खर्डा 4,100 शब्दांचा झाला. चार दिवस तो कपाटात ठेवला, मग मोठ्यानं वाचून 3,400वर आणला. पहिली दीड पानं पूर्ण गेली. कथा आजोबांच्या त्या वाक्यापासूनच सुरू होत होती. 29 जुलैला मेल गेला. 12 ऑगस्टची कथा मात्र झाली नाही, तसं त्यांनी 3 तारखेलाच कळवून टाकलं. छोटी वही चालू आहे. पहाटेचं लिहिणं आता आठवड्यातून चार दिवस, महिनाअखेरच्या आठवड्यात दोनच.