पुनर्जन्म, पुनरुज्जीवन की पुनरुत्थान?

प्रश्न असा आहे: "ईस्टरबद्दलच्या लेखांत कुठे 'येशूचा पुनर्जन्म', कुठे 'पुनरुज्जीवन', तर कुठे 'पुनरुत्थान' असं वाचलं. तिन्ही शब्द चालतात का? आणि येशूला 'सुळावर दिलं' म्हणणं बरोबर आहे का?"

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. पुनरुत्थान हाच शब्द वापरावा. पुनरुज्जीवन थोडं कमी पडतं आणि पुनर्जन्म तर साफ चुकीचा आहे.

पुनर्जन्म म्हटलं की मराठी माणसाच्या मनात जुना देह सुटतो, नवा मिळतो, आईचं पोट येतं, बाळपण येतं. मागच्या जन्माची ओळख पुसलेली असते. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, यातलं काहीच नाही. शुक्रवारी ज्याला पुरलं तोच, त्याच देहाने, रविवारी उठला, अशी ती श्रद्धा आहे. ख्रिस्ती बोलण्यात 'नव्याने जन्मणे' आहे खरं, पण ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला सांगतो. तो माणसाच्या अंतरंगातला बदल आहे. येशूच्या कबरेशी त्याचा संबंध नाही. कदाचित घोटाळा तिथूनच होत असेल.

पुनरुज्जीवन जवळचं वाटतं, कारण त्यात मेलेला पुन्हा जिवंत होतो. पण ते येशूने मरणातून परत आणलेल्या लाजराच्या बाबतीत शोभतं, आणि हा फरक योहानाने अगदी साध्या गोष्टीतून दाखवला आहे: कापडातून. अकराव्या अध्यायात चार दिवस कबरेत असलेला लाजर हाक ऐकून बाहेर येतो, तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले आहेत, तोंडाला रुमाल गुंडाळलेला आहे. त्याला मोकळं करायला दुसऱ्यांना सांगावं लागतं. विसाव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याच्या रिकाम्या कबरेत शिरतो तर तागाची वस्त्रं तिथेच पडलेली, आणि डोक्याचा रुमाल वेगळा, गुंडाळून एका बाजूला ठेवलेला. लाजर मरणातून परत आला, पण पुन्हा कधीतरी मरणारच होता. त्या कापडाची गरज त्याला परत पडणार होती. येशूने ते मागे ठेवलं. आरंभीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हेच म्हटलं आहे की मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त पुन्हा मरत नाही. मला तर तो बाजूला ठेवलेला रुमाल या सगळ्या चर्चेतला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

आता पुनरुत्थान. मूळ ग्रीक शब्द 'अनास्तासिस'. 'अना' म्हणजे वर, 'स्तासिस' म्हणजे उभं राहणं. आपलं उत्थान हे 'उद्' आणि 'स्था' यांतून आलेलं, म्हणजे तेही वर उभं राहणंच. गंमत म्हणजे संस्कृतातला 'स्था' आणि ग्रीकमधला तो धातू एकाच मुळातले आहेत. ज्याने हा शब्द निवडला त्याने अर्थ तर साधलाच, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दाचा सख्खा भाऊ शोधून आणला. ग्रीकमध्ये याच घटनेसाठी आणखी एक क्रियापद येतं, ज्याचा अर्थ जागं करणं आणि उठवणं असा दोन्ही होतो. मराठीत वेगळं काही करावं लागत नाही. झोपेतूनही आपण उठतोच आणि जागेवरूनही उठतोच. शिवाय मूळात बऱ्याच ठिकाणी 'उठला' नसून 'उठवला गेला' आहे, म्हणजे देवाने उठवलं.

ही बाब ख्रिस्ती श्रद्धेत किती मध्यवर्ती आहे ते पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आडपडदा न ठेवता सांगतो: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. तिथेच तो येशूला 'प्रथमफळ' म्हणतो. हंगामातलं पहिलं फळ आलं म्हणजे मागून बाकीचं पीक येणार. एकट्याची सुटका नव्हे, सर्वांच्या उठण्याची ती सुरुवात.

आणि येशूच्या मरणाचा अर्थ? इथे 'प्रायश्चित्त' हा शब्द वापरतात, आणि तो मराठी कानाला क्षणभर अडतो. एरवी ज्याने चूक केली त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचं असतं. इथे निर्दोष माणूस दुसऱ्यांच्या पापांचं प्रायश्चित्त होतो. तो अडखळाच या श्रद्धेचा गाभा आहे, म्हणून सोपा शब्द शोधू नये असं मला वाटतं. 'हौतात्म्य' म्हटलं तर एवढा अर्थ निसटतो.

राहिला सूळ. सुळाचं टोक देहात घुसतं. रोमन शिक्षा वेगळी होती. उभा खांब, त्यावर आडवी तुळई, आणि तिला हातांनी बांधलेला किंवा खिळलेला माणूस. गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी ती खास राखलेली, भर रस्त्यात सर्वांना दिसेल अशी. मराठी बायबलात 'वधस्तंभ' आहे. पोर्तुगीजांकडून आलेला 'क्रूस'ही रुळला आहे. दोन्ही चालतील. मात्र क्रियापद 'खिळणे' हेच ठेवा, 'चढवणे' किंवा 'देणे' नको. कारण पुढे थोमा हा शिष्य म्हणतो, त्याच्या हातांतले खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय मी मुळीच विश्वास ठेवणार नाही. आठ दिवसांनी येशू त्याच्यासमोर येतो, हात पुढे करतो, आणि वण तिथे असतात.