स्लीपीटाईम गोरिला म्युझियमसारखं विचित्र मेटल संगीत लोकांना आवडतं तरी कसं?

हा बँड दोनदा लावला, डोकं दुखलं, मग लोकांना यात एवढं काय दिसतं, असं तुम्ही विचारलंय. मी धुळ्यात तो हेडफोनवरच ऐकतो. स्पीकरवर लावला की आई आतून विचारते, "हाई काय वाजी ऱ्हायनं रे?"

मला खेचलं ते वाद्यांनी. ही मंडळी १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये जमली. (पहिला कार्यक्रम म्हणे एकट्या 'बनाना स्लग'पुढे झाला, म्हणजे पिवळ्याधमक गोगलगायीपुढे. केळीच्या मुलखातल्या माणसाला हे भारीच आवडतं.) बेस वाजवणारा डॅन रॅथबन वाद्यं स्वतः बनवतो. पियानोच्या तारा ताणलेला त्याचा एक लांबलचक ओंडका आहे, त्यातून गिटारला न जमणारी खोल गुरगुर निघते. तालवाद्यांत भंगारसुद्धा चालतं. आपल्याला याचं नवल वाटायला नको खरं तर. साक्री-नवापूरकडे भोपळ्याची पावरी हातानेच करतात, आणि तिच्या आवाजावर माणसं रात्र रात्र नाचतात.

त्यावर कार्ला किल्स्टेटचं व्हायोलिन, कधी गोड, कधी अंगावर येणारं. नील्स फ्रिकडाल खर्जात गाता गाता एकदम गुरकावतो. ताल धरायला जाल तर पाय चुकेल. विषम मात्रा आपल्या कानाला परक्या नाहीत, रूपक ताल सात मात्रांचाच असतो. पण रूपक शेवटपर्यंत रूपक राहतो, हे लोक मध्येच हिशोब बदलतात. तुमचं डोकं बहुधा तिथेच दुखलं. मला मजा तिथेच येते: पुढचा ठोका कुठे पडणार कळत नाही, आणि पडल्यावर वाटतं, दुसरीकडे पडूच शकला नसता.

सुरुवात 'ऑफ नॅचरल हिस्टरी' या अल्बमपासून करा (२००४). पहिलं गाणं, 'अ हिम टू द मॉर्निंग स्टार', संथ आहे, जवळजवळ प्रार्थनाच. लगेच दुसरं येतं आणि धडाका सुरू होतो. दोन्हींच्या मध्ये थांबू नका. २००१चा पहिला अल्बम नंतर ऐका. २०११ साली बँड थांबला होता, २०२४मध्ये 'ऑफ द लास्ट ह्यूमन बीइंग' घेऊन परतला. तो सगळ्यात शेवटी.

एवढं करूनही डोकं दुखलं तर खुशाल सोडून द्या. त्यांची नाटकी बडबड आली की मीही कधीकधी गाणं पुढे ढकलतो.