मशीद की मस्जिद, आणि दीड वाजताची जमात

प्रश्न असा आलाय: कोल्हापुरात एका मशिदीच्या दारातल्या फळ्यावर "जोहर: अजान 1.00, जमात 1.30" असं वाचलं, जमात म्हणजे आदिवासी जमात ना, मग दीडला कुठली जमात येते? आणि मशीद हा अडाणी शब्द आहे, मस्जिद म्हणावं, हे खरं का?

जमातीचं पटकन उरकतो. अरबीत जमात म्हणजे एकत्र आलेली माणसं. जोहर म्हणजे दुपारची नमाज, तिची एकला अजान म्हणजे बांग, आणि दीडला इमामामागं ओळ धरून सगळ्यांनी एकदम नमाज पढायची, ती जमात. एकट्यानं घरात, दुकानात, शेताच्या बांधावर पढली तरी नमाज होतेच, पण जमातीनं पढली तर सवाब म्हणजे पुण्य 27 पट अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे, म्हणून तर लोक दुकानाचं शटर अर्धं ओढून पळत येतात. आता तीच माणसं दिवसातनं पाचदा भेटणार म्हटल्यावर निम्मा कारभार तिथंच होतो की, निकाहची नोंद, पोरांचं अरबी, रमजानचा फितरा, म्हणजे ईदच्या आधीचं दान, कुणाला द्यायचा, रात्री-अपरात्री मय्यत झाली तर जनाजा, म्हणजे तिरडी, कुठनं आणायचा, दोन भावांचं भांडण कुणी मिटवायचं. त्या मशिदीला धरून असलेल्या घरांनाही मग जमातच म्हणतात. (ईदला ही गर्दी गल्लीतल्या मशिदीत मावत नाही, ती दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर, 1906 साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं ते बोर्डिंग.) शुक्रवारचा जुमा, शुक्रवारी सगळ्यांनी जमायची ती जामा मशीद, आपला जमाखर्च, जमाबंदी, झालंच तर जमाखर्च बघणारा मुजुमदार, सगळी एकाच धातूची पोरं. शिवाजी महाराजांच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशानं, म्हणजे फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणाऱ्या कोशानं, मुजुमदाराचा अमात्य केला, पण आडनाव काय कुणी सोडलं नाही. "ती जमातच तसली" असं नाक मुरडून बोलणारे मात्र डोक्यात जातात.

आता मशीद. मस्जिद म्हणजे सजदा करायची, कपाळ टेकायची जागा, हे सगळ्यांना माहिती आहे, पुढं चला. हल्ली टीव्हीवरचे निवेदक आणि शुद्धलेखनाचे ठेकेदार "मस्जिद" म्हणून दुरुस्त करतात, आणि इथंच आधी उत्तर दिलेल्या एका गुरुजींनी तर "खेडवळ उच्चारामुळं झालेला बिघाड" असं ठोकून दिलंय. गुरुजी, मग शिपाई पण बिघाडच का? फारसीत सिपाही आहे. सिक्क्याचा शिक्का, सिफारिशची शिफारस, सियाहीची शाई कुणी केली? मराठीत इ, ई, ए समोर आली की स चा श होतो, ही आपल्या जिभेची फार जुनी खोड आहे आणि ती अरबी-फारसी बघत नाही, संस्कृतालाही सोडत नाही. सीमेची शीव झाली, सिंदूरचा शेंदूर झाला. म्हणजे मारुतीचा शेंदूर आणि गल्लीतली मशीद एकाच नियमानं घडलीत भावा, आणि मला विचाराल तर ह्याच्याइतकी झकास व्युत्पत्ती मराठीत दुसरी नाही.

राहिला ज. तो आपण खाल्लाच नाही असं माझं मत आहे. पंजाबीत मसीत म्हणतात, तिथंही ज गायब. म्हणजे उत्तरेकडनंच घासून आलेला शब्द, आपण फक्त श चढवला आणि जमीन-जमिनीत तशी मशीद-मशिदीत चालवली. ह्यावर "पुरावा काय" म्हणून एक जण दर वेळी भांडतो, त्यानं आधी शाईतला स शोधून आणावा.

आणि हा शब्द नुसत्या मुसलमानांचा तरी कुठं होता? मुंबईत मांडवीला 1796 सालचं बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, बांधणारे दिवेकर, घरात मराठी बोलणारी माणसं, आणि लोकांत त्याचं नाव जुनी मशीद. शेजारच्या रेल्वे स्टेशनाला नाव त्यावरनंच पडलं असं सांगतात. स्टेशनाच्या पाटीवर मात्र मस्जिद लिहिलंय, म्हणजे ठेकेदार तिथंही पोचलेच.