कूलरच्या मोटरीपासून गाडीच्या मोटरीकडे

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

इतवारीत आपले मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या कन्येला विद्युत गाड्यांच्या मोटरी घडवण्याच्या क्षेत्रात जायचे आहे. चीनने चुंबक अडवल्याच्या बातम्यांमुळे तिने सॉफ्टवेअरचीच नोकरी धरावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की तिला अवश्य जाऊ द्यावे, मात्र पदवीवर थांबू देऊ नये.

आपण उन्हाळाभर कूलरच्या ज्या मोटरी बांधता, त्यांच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, चुंबक नसतो. रोटरच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांत प्रवाह निर्माण होतो आणि त्यात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. आजच्या बहुतेक विद्युत मोटारगाड्यांत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक रोटरच्या पत्र्यांमध्येच बसवलेले असल्याने हा तोटा बराचसा वाचतो आणि तेवढ्याच बॅटरीवर गाडी अधिक अंतर कापते. असा रोटर मात्र हाताने ओढून काढता येत नाही. तो स्टेटरच्या, म्हणजे भोवतालच्या स्थिर भागाच्या, लोखंडाला जाऊन चिकटतो, मध्ये बोट सापडले तर चिरडते, आणि वायर सोडवलेली असली तरी शाफ्ट फिरवताच टर्मिनलवर व्होल्टेज येते. हे कन्येला आधीच सांगून ठेवावे.

या चुंबकाचा खरा शत्रू उष्णता आहे. साध्या प्रतीचा चुंबक सुमारे 80 अंशांपुढे कमकुवत होऊ लागतो, म्हणून मोटरीसाठीच्या चुंबकात डिस्प्रोशियम हा दुर्मिळ धातू मिसळतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले ते याच आणि अशाच काही धातूंवर. त्यामुळे मोटरी बंद पडणार नाहीत, उलट कमी डिस्प्रोशियममध्ये, फेराइट चुंबकावर किंवा चुंबकाविना तेच काम करणारी रचना शोधणाऱ्यांची गरज वाढेल. केंद्र सरकारनेही नोव्हेंबर 2025 मध्ये देशात असे चुंबक बनवण्यासाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. कॉइल कुठे जळते आणि वार्निश कुठे करपते हे लहानपणापासून पाहिलेल्या मुलीला मोटरीतली उष्णता कुठून कुठे जाते हे समजायला इतरांपेक्षा कमी वेळ लागेल, असे मला मनापासून वाटते.

रचनेचे काम पदव्युत्तर शिक्षणाशिवाय क्वचितच हाती येते. त्यासाठी तिने गेट ही एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा द्यावी, विद्युत यंत्रे आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे विषय पक्के करावेत आणि एफईएमएम या मोफत सॉफ्टवेअरवर दुकानातल्याच एखाद्या मोटरीचे चुंबकीय क्षेत्र काढून पाहावे. आपल्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतही एम.टेक.ची सोय आहे. नोकरीसाठी मात्र पुणे, बंगळूर किंवा चेन्नईची तयारी ठेवावी लागेल.

कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी मिळालीच तर ती घ्यायलाही हरकत नाही. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात, आणि त्यांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास पात्र विद्यार्थ्याला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते, त्यामुळे खर्चाचा भार आपल्यावर फारसा पडणार नाही.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक