ट्रॅक्शन कंट्रोल नसलेली जुनी निन्जा ६५० घ्यावी का?

प्रश्न: "मी परभणीचा. उंची ५ फूट ६. २०१८ची कावासाकी निन्जा ६५० बऱ्या भावात मिळतेय, पण तिला ट्रॅक्शन कंट्रोल (टीसी, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा) नाही. मित्र म्हणतो, टीसी नसलेली मोठी गाडी म्हणजे जिवाशी खेळ. थांबून नवी घेऊ का? रोजचं येणंजाणं २० किलोमीटर, महिन्यातून एखादी लांबची चक्कर."

भाऊ, तुमच्या त्या मित्राला आधी विचारा, माजलगावात तुझी आत्या राहते का म्हणून. राहत असेल तर तो माझा मामेभाऊ आहे. कारण हे वाक्य मी २०२२च्या दिवाळीपासून ऐकतोय, अगदी याच शब्दांत.

माझ्याकडे हीच गाडी आहे, २०१८चीच. २०२१ला पुण्याहून सेकंडहँड आणली. साडेअकरा हजार पळालेली होती, आज अडतीस हजारांवर आहे. त्यातले निम्मे किलोमीटर तरी बीड, परभणी आणि लातूर जिल्ह्यांतले. तेव्हा मी जे सांगतोय ते व्हिडिओ बघून सांगत नाही.

त्या दिवाळीत मामेभाऊ त्याची होंडा सीबीआर ६५० आर घेऊन आला. चार सिलिंडरची, आवाज असा की गल्लीतली पोरं फराळ सोडून बाहेर. गाडी खरंच देखणी आहे, त्यात वाद नाही. पण माझ्या गाडीला तो 'रेसिंगचे कपडे घातलेली स्प्लेंडर' म्हणतो. मी त्याला दर वेळी एकच सांगतो, आकडे बघ. तुझ्या गाडीची ताकद ८७ पीएस, माझी ६८, कबूल. पण तुझा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ५७.५ एनएम, तोही ८५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला ८५०० फेरे झाल्यावर. माझा ६५.७, आणि ६५०० लाच मिळतो. तेलगाव ते धारूर रस्त्यावर ८५०० आरपीएम किती वेळा लागतात ते सांग. तिथं पुढं एसटी असते, एसटीच्या पुढं उसाची ट्रॉली, आणि ओव्हरटेक करायला मध्ये चारशे फूट मोकळा रस्ता. त्या चारशे फुटांत तिसऱ्या गिअरवर नुसती मूठ पिळली की निघून जाणारी गाडी पाहिजे. त्याला दर वेळी दोन गिअर पाडावे लागतात.

तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. माजलगाव, तेलगाव, धारूरचा घाट, अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन आणि त्याच रस्त्यानं परत. घाटात मी पुढं होतो. (हे तो मान्य करत नाही, म्हणतो मी तुला सोडलं.) येताना धारूरला सीताफळं घेतली आणि माझ्या टाकीवरच्या बॅगेत भरली. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता आणि तो चालू होता. हे लक्षात ठेवा.

तेलगाव ओलांडून पुढं आलो, साडेचारचा सुमार. सिमेंटचा रस्ता, आणि डाव्या बाजूला लांबच लांब सोयाबीन वाळत घातलेलं, कडेनं दगड लावलेले. त्या वर्षी ऐन काढणीत पावसानं झोडपलं होतं, त्यामुळं दिवाळी झाली तरी सगळ्यांचा माल ओलाच. ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला की हमीभावाच्या केंद्रावरून पोतं परत येतं. आता गावात खळी राहिली नाहीत, मग माणूस घालणार कुठं? सिमेंटचा तापलेला रस्ता म्हणजे आयतं खळं. मोटारसायकलवाले यावरून शेतकऱ्याला शिव्या घालतात ते मला पटत नाही. पण तो वेगळा विषय आहे.

मी उजव्या बाजूनं जात होतो, साठ-पासष्टचा वेग. समोरून ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला. मला डावीकडं यावं लागलं. दगड जिथं संपले तिथं सोयाबीनचा ढीग संपला होता, पण दाणे संपले नव्हते. जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांनी ते पार रस्त्याच्या मध्यापर्यंत पसरवलेले. गाडी डावीकडं कललेली, आणि त्याच वेळी माझी दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. पुढचं चाक असं गेलं, जसा छर्‍यांवर पाय पडावा. डोळ्याची पापणी लवायच्या आत मी आणि गाडी दोघं डाव्या अंगावर घसरत सोयाबीनच्या ढिगात.

जॅकेट होतं म्हणून कोपर वाचलं. खाली साधी जीन्स होती, गुडघ्याला सहा टाके पडले. गाडीचं डावं फेअरिंग, म्हणजे बाजूचं आवरण, खरवडलं, क्लच लिव्हरचं टोक तुटलं, गिअरचा लिव्हर आत वाकला. आणि टाकीवर, मीटरवर, हेल्मेटच्या काचेवर सगळीकडं सीताफळाचा गर.

दाताळ्यानं सोयाबीन ओढत असलेल्या एक मावशी पळत आल्या. "लागलं का रं लेकरा? काढ ते डोक्यावरचं, तोंड बघू दे." पाणी पाजलं. मी धड आहे असं दिसल्यावर मग त्यांनी गाडीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ती उचला आधी. पिट्रोल सांडायलंय का त्याच्यात? आडत्या वास घेतो अन् भाव पाडतो." चौघांनी गाडी उचलली. एकानं पहार आणून गिअरचा लिव्हर सरळ केला, दोन दणक्यांत. मी लंगडत मावशींना दाणे गोळा करायला मदत केली, पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

आणि माझा मामेभाऊ? तो कॅमेरा चालू ठेवून उभा. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "तुझ्या गाडीला टीसी नाही ना, म्हणून."

संध्याकाळी व्हिडिओ घरच्या ग्रुपवर. मामी म्हणाल्या, "ते टीसी का काय ते बसवून का नाही घेत?" मोठे मामा म्हणाले, "टीसी कशाला? यानं तिकीट काढलं नव्हतं का?" तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, कुणीतरी विचारतंच, बसवलं का टीसी?

आता ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेग ताडून बघतं. तुम्ही मूठ पिळली आणि मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरायला लागलं, म्हणजे जागेवर घसरायला लागलं, की ते इंजिनाची ताकद कमी करतं. संपलं. मूठ बंद असेल तर कमी करायला ताकदच नाही. मी पडलो तेव्हा मूठ बंद, ब्रेक दाबलेला, आणि गेलं ते पुढचं चाक. तिथं टीसी काय करणार होतं? मामाच्या भाषेत सांगायचं तर टीसी मागच्या डब्यात होता आणि फुकट्या पुढच्या डब्यात. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, होतं माझ्या गाडीला, ते चाललंसुद्धा, लिव्हरला थरथर जाणवली. पण हे साधं एबीएस, गाडी किती कललीय ते त्याला कळत नाही. सरळ उभ्या गाडीला ते वाचवतं, कललेल्या गाडीला दाण्यांवर कुणीच वाचवत नाही. त्या ठिकाणी मामेभाऊ माझ्यासारखाच ब्रेक दाबून आला असता तर टीसीसकट पडला असता. तो नाही पडला कारण तो माझ्या मागं होता आणि मी पडलेला त्याला दिसला.

आता गाडीबद्दल. निन्जा ६५०ला नावानं आणि अंगानं स्पोर्ट म्हणतात, पण हँडल उंच आहे, पाठ मोडत नाही. रेस ट्रॅकवर जाणारे तिला नाकं मुरडतात. मुरडू द्या. आपल्याकडं काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, दोन वर्षांत नव्या डांबराच्या लाटा होतात, कडेनं लांब भेगा पडतात. अशा रस्त्यावर टाकीवर पालथं झोपून चालवायची गाडी काय कामाची? पुढचं सस्पेन्शन साधं आहे, काही सेट करता येत नाही, मोठ्या खड्ड्याला मनगटात कळ येते. गतिरोधकाचं म्हणाल तर खालून १३० मिलिमीटर जागा आहे. गावकऱ्यांनी स्वतः घातलेल्या गतिरोधकावर तिरकी घाला, नाहीतर घासते. ज्या रस्त्यावर ही गाडी खरी खुलली असती तो समृद्धी महामार्ग आपल्या जालन्यातून जातो, १२०ची मर्यादा आहे, आणि तिथं दुचाकीला बंदी. घराशेजारी विहीर आणि दोर नाही, अशी गत.

उंचीची काळजी करू नका. सीट ७९० मिलिमीटरवर आहे. मी ५ फूट ५ आहे, माझे दोन्ही चवडे टेकतात. वजन १९३ किलो, पण ते चालवताना जाणवत नाही, पार्किंगमधून मागं ढकलताना जाणवतं. मे महिन्यात परभणीच्या गर्दीत पंखा चालू झाला की नडग्या भाजतात, तेव्हा तुमच्या त्या रोजच्या २० किलोमीटरला घरची स्कूटरच न्या. ॲव्हरेज मला २२-२३ पडतं.

नवी घ्यायचंच एखादं खरं कारण हवं असेल तर मी टीसी नाही सांगणार, हेडलाइट सांगेन. २०१८च्या गाडीला साधे हॅलोजन आहेत, २०२०पासून एलईडी आले. नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडं रात्री मागचा लाइट नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, काही तर पंक्चर होऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या. तिथं पन्नास फूट जास्त दिसलं तर त्याची किंमत टीसीपेक्षा जास्त. मी मात्र हेडलाइट बदलला नाही, रात्रीचा प्रवास सोडला.

जुनी बघायला जाल तेव्हा आधी टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. ३२१७ म्हणजे २०१७चा बत्तिसावा आठवडा. कमी पळालेल्या मोठ्या गाड्यांचा हा घोळ असतो, नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर लाकूड झालेलं असतं. इंजिन थंड असताना स्वतः चालू करून बघा, मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का बघा. फेअरिंगच्या आत वाकलेलं काही आहे का ते टॉर्च लावून बघा. भाव मला विचारू नका, तो तुमच्या आणि मालकाच्या तोंडावर ठरतो. सर्व्हिसला मी पुण्याला नेतो. पहिल्यांदा जिथं नेली तिथं क्लच लिव्हरसाठी पाच आठवडे थांबवलं, आता दोन जादा लिव्हर घरीच ठेवलेत.

आता टायरचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. मी पडलो तेव्हा माझे टायर २०१८चेच होते, बदलायला झालेले. मामेभावाला हे माहीत नाही, आणि त्यानं त्याचा मुद्दा सिद्ध होतही नाही, टायर आणि टीसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय टीसी अगदीच फालतू आहे असं माझं म्हणणं नाही. हिवाळ्यात उसाच्या शेतातून निघालेला ट्रॅक्टर रस्त्यावर चिखलाचे थर टाकून जातो, त्यावरून वळणात मूठ उघडली तर मागचं चाक बाहेर येतं. तिथं ते कामाचं. निन्जाला ते २०२३च्या मॉडेलपासून आलं, दोन पातळ्या आहेत, बंदही करता येतं. ती गाडी मी एकदाच चालवली, वीसेक किलोमीटर, कोरड्या रस्त्यावर, तेव्हा टीसीनं काय केलं ते मला कळलंच नाही. तुम्ही आजवर १५० सीसीच्या वर काही चालवलं नसेल तर मात्र नवीचाच विचार करा. ६८ पीएस म्हणजे गंमत नाही.

गाडी पुण्याला सर्व्हिसला गेली तेव्हा तिथल्या पोरानं डावं फेअरिंग खोललं. रेडिएटरच्या जाळीत आणि खालच्या कप्प्यात मिळून मूठभर सोयाबीन निघालं. त्यानं हातात घेऊन विचारलं, "सर, हे काय आहे?" मी म्हटलं, टीसीच्या पावत्या.

तुमच्या मित्राला अजूनही पटलं नाही तर मला मेसेज करा, व्हिडिओ पाठवतो. बाराव्या सेकंदाला थांबवून बघा. गाडी आडवी व्हायच्या आधी मागचा ब्रेक लाइट लागलेला स्वच्छ दिसतो. कॅमेरा मामेभावाचाच आहे.